नेढ्यांच्या मुलखात

सुईत दोरा ओवायच्या भोकाला आपण नेढे म्हणतो, आणि सह्याद्रीत हिंडणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तोच शब्द डोंगरकड्याला आरपार पडलेल्या भोकालाही लावून ठेवला आहे. रतनगडाच्या माथ्यावरील किंवा राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढ्यात जो एकवार बसला आहे, एका अंगाने घोंघावत शिरून दुसऱ्या अंगाने निघून जाणारा तेथील वारा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या शब्दाची यथार्थता निराळी पटवून द्यावी लागत नाही. आपल्याकडे अशी नेढी मोजकीच. म्हणूनच अमेरिकेतील युटा राज्यात, कोलोराडो नदीच्या काठी वसलेल्या मोआब नावाच्या लहानशा गावाजवळ, सुमारे ३१० चौरस किलोमीटरच्या एकाच मुलखात अशी दोन हजारांहून अधिक नेढी आहेत, असे मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा त्या आकड्यावर माझा विश्वास बसला नाही. या मुलखाला आर्चेस राष्ट्रीय उद्यान असे नाव आहे. ‘आर्च’ म्हणजे कमान. परंतु कमान कोणीतरी बांधलेली असते, आणि येथील एकही दगड कोणी रचलेला नाही, तेव्हा या लेखात मी आपला नेढे हाच शब्द वापरणार आहे. ज्या भोकाचे माप कोणत्या तरी एका दिशेने निदान तीन फूट भरते तेच येथील मोजदादीत धरले जाते. त्या यादीतील लहानात लहान नेढ्यातून एखादे पोर कसेबसे सरकेल, तर ‘लँडस्केप आर्च’ या सर्वांत मोठ्या नेढ्याच्या दोन पायांमधील अंतर सुमारे ९० मीटर आहे.

या नेढ्यांची, त्यांच्या शेजारच्या सुळक्यांची आणि तोललेल्या शिळांची छायाचित्रे कशी घ्यावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्यासंबंधी माझे एक मत आहे, ते असे की, येथे येणाऱ्याने कॅमेरा उघडण्यापूर्वी खडक वाचावयास शिकले पाहिजे. कारण तो कसा घडला आणि कोठे झिजतो आहे हे ज्याला उमगले नाही, त्याला उभे कोठे राहावे आणि केव्हा यावे हेही उमगत नाही. हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते एका वाया गेलेल्या छायाचित्रातून मिळाले आहे, आणि त्याची हकीकत आधी सांगितलेली बरी.

२००६ च्या जून महिन्यात मी डेन्व्हरला मुलीकडे गेलो असता आम्ही सर्व जण मोटारीने मोआबला आलो. ‘डेव्हिल्स गार्डन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायवाटेवर पाऊल ठेवायला आम्हांला अकरा वाजून गेले, आणि जूनमधील अकरा वाजता त्या वाळवंटात सावली नावाची वस्तू शिल्लक राहत नाही. लँडस्केप आर्चपर्यंतची वाट रुंद आणि खडी घालून सारखी केलेली आहे. तेथे मी अधाशासारखा रोल संपवीत गेलो. पुढे वाट उघड्या कातळावर चढू लागते, आणि त्या चढावर, वाटेच्या अगदी लगत, ‘वॉल आर्च’ नावाचे नेढे होते. त्याची रुंदी २१ मीटरांहून अधिक, उंची सुमारे १० मीटर. कॅमेऱ्यात छत्तिसावे, म्हणजे शेवटचे चित्र उरले होते. घसा कोरडा पडलेला, डोळ्यांपुढे ऊन नाचत असलेले, मी कॅमेरा डोळ्याला लावला, नीट बेतही न करता बटण दाबले, आणि पिशवीतून दुसरा रोल काढण्याकरिता एका दगडावर टेकू लागलो, तोच मुलगी म्हणाली, “बाबा, चला आता, ऊन फार झालंय. खडक कुठे पळून जाणार आहेत?” मला ते पटले. पाण्याचे चार घोट घेऊन आम्ही परत फिरलो.

४ ऑगस्ट २००८ च्या रात्री वॉल आर्च कोसळले. त्या वेळी वाटेवर कोणी नव्हते, म्हणून मनुष्यहानी झाली नाही. बातमी कळताच मी तो अल्बम काढला आणि छत्तिसावे चित्र भिंगाखाली धरले. नेढे आणि त्याच्या मागची भिंत ही दोन्ही एकाच फिक्या तांबूस रंगात एकमेकांत मिसळून गेली होती. डावा पाय चौकटीबाहेर कापला गेला होता. भोकातून दिसणारे आकाश जळून पांढरे झाले होते. लाखो वर्षे घडत आलेल्या आणि एका रात्रीत नाहीशा झालेल्या वस्तूची माझ्यापाशी असलेली साक्ष एवढीच. त्या दिवसापासून मी या खडकांविषयी जे जे मिळेल ते वाचू लागलो.

त्यांची कथा मिठापासून सुरू होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या खोलगट प्रदेशात समुद्राचे पाणी वारंवार शिरे आणि आटे, आणि प्रत्येक आटण्यासरशी तळाशी मीठ राही. असे करता करता तेथे मिठाचे हजारो फूट जाडीचे थर साचले. पुढे कोट्यवधी वर्षे त्यांच्यावर गाळ आणि वाळू येऊन पडत राहिली, तिचे खडक झाले, आणि त्या खडकांचा भार मिठावर आला. मीठ भाराखाली स्थिर राहत नाही. कणकेच्या गोळ्यावर तळहात दाबला असता कणीक जशी बोटांच्या फटींतून वर येते, तसे ते जिकडे दाब कमी तिकडे सरकत, लांबच लांब वरंब्यांच्या रूपाने वर उचलले गेले, आणि त्यांच्या पाठीवरील खडकाचे थर वाकून त्यांना एकमेकींशी समांतर अशा चिरा पडल्या. त्या चिरांत पाणी शिरले, त्या रुंदावत गेल्या, आणि दोन चिरांमध्ये उरलेला खडक उंच, अरुंद भिंतीसारखा उभा राहिला. विमानातून पाहिले असता अशा शेकडो भिंती एखाद्या दप्तरखान्यातील उभ्या रचलेल्या वह्यांप्रमाणे रांगेने दिसतात.

ज्या खडकाच्या या भिंती, त्याला एन्ट्राडा वालुकाश्म म्हणतात. ज्या वाळूचा तो झाला ती सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीची. तिचे कण चुन्याच्या बारीक सांध्यांनी एकत्र धरलेले आहेत. येथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अवघा आठ-दहा इंच, परंतु पावसाचे पाणी किंचित आम्ल असल्यामुळे तो चुन्याचा सांधा हळूहळू विरघळतो. हिवाळ्यात तेच पाणी फटीत गोठते, गोठताना फुगते, आणि खडकाची ढलपी उडवते. भिंतीच्या तळाशी पुष्कळ ठिकाणी अधिक मऊ थर आहे. तो आधी झिजतो, तेथे कोनाडा पडतो, कोनाडा खोल होत दुसऱ्या बाजूस फुटतो, आणि नेढे जन्माला येते. पुष्कळांची अशी समजूत असते की, ही सारी वाऱ्याची करामत आहे. वाऱ्याचा वाटा येथे जुजबी आहे. इतक्या कोरड्या मुलखात सर्व अंमल चालतो तो पाण्याचाच, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

उरते ते नेढ्याच्या डौलाचे कोडे. भिंतीला भोक पडले एवढे समजते, परंतु त्या भोकाची कड इतकी रेखीव वळणाची का असावी? चेक शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचे मोठे सुंदर उत्तर सापडले. वालुकाश्माच्या ज्या कणांवर वरचा भार येतो ते एकमेकांत घट्ट रुतून बसतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. ज्यांच्यावर भार नाही ते सुटे होऊन वाहून जातात. म्हणजे जे निरुद्योगी होते ते गेले आणि जे भार वाहत होते तेवढेच राहिले. नेढ्याची वळणदार कड ही त्या भाराने जमिनीपर्यंत जाण्यासाठी धरलेली वाट आहे. हे वाचल्यावर माझ्या छत्तिसाव्या चित्राचा मोठ्यात मोठा दोष मला समजला. मी डावा पाय कापला होता, आणि पाय कापणे म्हणजे त्या आकाराचा अर्थच कापणे होय. नेढ्याचे चित्र घेताना दोन्ही पाय जमिनीला जेथे टेकतात ती जागा चौकटीत आली पाहिजे, आणि ती येत नसेल तर माघारी जावे, दुसऱ्या अंगाने यावे, भिंग बदलावे, पण पाय सोडू नयेत, असा शिरस्ता मी तेव्हापासून पाळीत आलो आहे.

आता प्रकाशाविषयी. दुपारचे ऊन डोक्यावरून सरळ पडते आणि खडकाचे सर्व उंचसखल एका पातळीवर आणून ठेवते. तिरपे ऊन मात्र बाजूने येऊन प्रत्येक थराच्या धारेखाली, प्रत्येक ढलपीच्या खाचेत बारीक सावली भरते, आणि मग सपाट दिसणाऱ्या भिंतीवर पुरातन वाळूच्या टेकड्यांचे तिरके पापुद्रे एकाएकी उमटून येतात. वालुकाश्माचा तांबडा रंग हा कणांवर चढलेल्या लोहाच्या गंजाचा रंग आहे. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या घटकाभरात प्रकाश स्वतःच तांबूस असल्यामुळे तो गंज जणू आतून पेटतो. भिंतींवरून ओघळलेले काळे, चकाकणारे पट्टे दिसतात, ते मँगॅनीज, लोह आणि चिकणमाती यांच्या अतिशय पातळ लेपाचे. ते दिवसाच्या कोणत्या वेळी चमकतील आणि कोणत्या वेळी नुसते डागासारखे दिसतील, हे उन्हाच्या कोनावर ठरते, आणि त्याची खातरजमा जागेवर उभे राहूनच करावी लागते.

पण थेट उन्हापेक्षाही मला अधिक प्रिय झालेला प्रकाश निराळाच आहे. नेढ्याच्या आतली बाजू सावलीत असते, आणि समोरच्या भिंतीवर ऊन पडलेले असते. त्या उन्हाचा तांबडा उजेड परतून नेढ्याच्या पोटात शिरतो, तेव्हा सावलीतला खडक निखाऱ्यावर राखेचा पातळ थर असावा तसा मंद उजळतो. ‘डबल आर्च’ या जोडनेढ्याखाली, ज्याचे मोठे भोक सुमारे ३४ मीटर उंच आहे, मान वर करून उभे राहिले असता हा उजेड मनसोक्त पाहायला मिळतो, आणि त्यासाठी पहाटे उठावे लागत नाही. कॅमेऱ्याची अडचण एवढीच की, आपले डोळे जसे सावलीतले आणि उन्हातले एकाच वेळी पाहू शकतात तसे त्याला साधत नाही. भोकातले आकाश सांभाळावे तर खडक काळा पडतो, खडक सांभाळावा तर आकाश जळते. आकाश चौकटीतून शक्य तितके वगळावे, किंवा उजळ भाग शाबूत राहील इतकाच प्रकाश आत घेऊन सावल्या मागाहून संगणकावर उचलाव्यात. जळालेला उजळ भाग परत आणण्याची कोणतीही तजवीज नाही.

तांत्रिक तपशिलाचे आणखी दोन शब्द. जवळचा दगड आणि दूरची भिंत दोन्ही स्पष्ट यावीत म्हणून छिद्र अगदी बारीक करण्याचा मोह होतो, पण ते प्रमाणाबाहेर बारीक केले की प्रकाश कडांवर पसरून सगळेच चित्र किंचित मऊ पडते. अकराचा आकडा बहुधा पुरतो, आणि ट्रायपॉड असला म्हणजे शटर कितीही सावकाश चालले तरी हरकत नाही. आकाश गडद करणारा पोलरायझर रुंद भिंगावर चढवला तर आकाशाचा एक तुकडा काळानिळा आणि शेजारचा फिका असा विचित्र पट्टा उमटतो. बाकी जपायचे ते धुळीला. भिंग बदलायचे तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरून.

या मुलखातील सर्वांत प्रसिद्ध नेढे म्हणजे ‘डेलिकेट आर्च’. युटा राज्यातील मोटारींच्या पाट्यांवर त्याचे चित्र असते, इतके ते त्या राज्याचे निशाण होऊन बसले आहे. जाऊन येऊन सुमारे पाच किलोमीटरांची ही वाट वुल्फ नावाच्या माणसाच्या जुन्या लाकडी खोपटापासून निघते; अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला हा मनुष्य १८९८ साली येथे येऊन राहिला आणि १९१० साली निघून गेला. त्याच्या खोपटापासून थोड्याच अंतरावर यूट जमातीच्या लोकांनी खडकावर कोरलेले घोडेस्वार आहेत. त्यापुढे वाट उघड्या कातळाचा एक लांब, उतरता पसारा चढू लागते, आणि तेथे वाट अशी उरत नाही. दगडावर दगड ठेवून रचलेल्या लगोऱ्या तेवढ्या दिशा दाखवतात. झाड नाही, झुडूप नाही, पाणी तर नाहीच. दर माणशी दोन लिटर पाणी बरोबर असल्याखेरीज या कातळावर पाऊल ठेवू नये, हा उपदेश मी पहिल्या खेपेच्या अनुभवावरून कळकळीने करतो. शेवटच्या सुमारे दोनशे यार्डांत वाट एका कड्याच्या कुशीतून जाते, एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस उतार. ती संपते तेथे भिंतीचा आडोसा एकदम सरतो, आणि पलीकडे कातळाच्या मोठ्या परातीसारख्या खळग्याच्या काठावर ते नेढे एकटे उभे असलेले दिसते. त्याच्या भिंतीचे बाकी सर्व काही झिजून गेले आहे. भोकाची उंची सुमारे १४ मीटर, म्हणजे साधारण चार मजली घराएवढी.

२०११ च्या एप्रिलमध्ये मी तेथे दुसऱ्यांदा गेलो तो सूर्यास्ताच्या दीड तास आधी. आग्नेयेकडे ला साल पर्वताची बर्फाच्छादित शिखरे; त्यांतील सर्वांत उंच शिखर समुद्रसपाटीपासून ३,८७७ मीटर आहे. रुंद भिंगाने जवळून पाहिले तर नेढे अवाढव्य आणि शिखरे मुंगीएवढी दिसत होती. तेव्हा मी खळग्याच्या काठाने मागे मागे गेलो आणि लांब भिंग चढवले, तसा पर्वत पुढे सरकून नेढ्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला. सूर्य आमच्या पाठीमागे उतरत होता. त्याबरोबर आम्ही ज्या काठावर बसलो होतो त्या काठाची सावली खळग्यात शिरली, तळ ओलांडून पलीकडच्या उतारावर चढू लागली, आणि अखेर तिने नेढ्याच्या पायांना स्पर्श केला. त्या वेळी खालचा खडक निळसर राखाडी झाला होता, वरची कमान मात्र भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखी, आणि भोकातून दिसणारे बर्फ फिकट गुलाबी. हा मेळ जेमतेम तीन-चार मिनिटे टिकला. मी अकरा चित्रे घेतली. नंतर सावली वर गेली आणि सारा रंग एकदम निवला.

तेथे नेहमी गर्दी असते, आणि नेढ्याखाली उभे राहून आपले चित्र काढून घेण्यासाठी लोक रांग धरतात. काही छायाचित्रकारांना याचा संताप येतो व ते खळग्यापलीकडून ओरडून त्यांना बाजूला व्हायला सांगतात. मला ही वृत्ती मान्य नाही. या कोरड्या, स्वच्छ हवेत अंतराचा आणि आकाराचा अंदाज इतका चुकतो, की चौकटीत एखादी मनुष्याकृती असल्याशिवाय पाहणाऱ्याला चार फुटांचा दगड आणि चाळीस फुटांचा दगड यांतला भेद कळत नाही. त्या संध्याकाळचे मला सर्वांत आवडते चित्र आहे त्यात उजव्या पायाशी एक म्हातारी बाई खडकाला तळहात टेकून उभी आहे.

छायाचित्राचे या मुलखावर एक जुने ऋणही आहे. १९२३ साली अलेक्झांडर रिंगहॉफर नावाच्या एका खाणी धुंडाळणाऱ्या गृहस्थाने येथील खडकांची वार्ता डेन्व्हरच्या रेल्वे कंपनीला कळवली, आणि कंपनीचे वाहतूक अधिकारी फ्रँक वॉडली हे स्वतः पाहणीस आले तेव्हा त्यांच्यासोबत कंपनीचा छायाचित्रकार जॉर्ज बीम होता. वॉडली यांनी राष्ट्रीय उद्यानांचे संचालक स्टीफन मॅथर यांच्याकडे हा प्रदेश राखून ठेवण्याची सूचना केली. पुढे १२ एप्रिल १९२९ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या फर्मानाने तो राष्ट्रीय स्मारक झाला, आणि १९७१ साली राष्ट्रीय उद्यान. एडवर्ड ॲबी या लेखकाने पन्नाशीच्या दशकात येथे पहारेकऱ्याचे काम केले व त्या दिवसांवर लिहिलेले त्याचे ‘डेझर्ट सॉलिटेअर’ हे पुस्तक १९६८ साली निघाले, तोवर येथे डांबरी सडक येऊन पोचली होती.

जे ऋण आहे त्याची जाण मात्र सर्वांनाच असते असे नाही. २००० साली एका छायाचित्रकाराने रात्रीच्या चित्रात रंग भरावा म्हणून डेलिकेट आर्चखाली पत्र्याच्या थाळ्यांत आग पेटवली; तिचे तेलकट, काळे डाग वालुकाश्मात मुरले, आणि त्याच्यावर खटला होऊन त्याला भरपाई द्यावी लागली. हे उदाहरण उघडउघड दांडगाईचे आहे. परंतु याहून कितीतरी अधिक नुकसान सभ्य माणसे नकळत करतात, ते वाटेच्या बाहेर टाकलेल्या पावलांनी. येथील वाळूवर जागोजाग काळसर, खडबडीत, उतू गेलेल्या दुधाच्या करपलेल्या सायीसारखा एक पापुद्रा दिसतो. तो सजीव आहे. सूक्ष्म नीलहरित जिवाणू, शेवाळे आणि दगडफूल यांनी मिळून वाळूचे कण धाग्यांनी शिवून टाकलेले असतात. त्यामुळे पावसाचे पाणी मुरते, वाळू उडत नाही, आणि हवेतील नत्र जमिनीत उतरून झुडपांना मिळते. एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा धरायला कित्येक दशके लागतात. थोडे डावीकडे सरकले तर चौकट अधिक चांगली जमेल असे छायाचित्रकाराला नेहमीच वाटते, आणि ते बहुधा खरेही असते. तरी त्या डावीकडे जर पापुद्रा असेल तर ती चौकट सोडून द्यावी. कातळावर, कोरड्या ओढ्याच्या वाळूत आणि आखलेल्या वाटेवर पाय ठेवण्यास मुभा आहे, आणि ती पुरेशी आहे. ड्रोन उडवण्यास तर सर्वच राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून मनाई आहे.

वॉल आर्च कोसळले ही घटना अपवादात्मक नव्हे. १९४० साली ‘स्कायलाइन आर्च’मधील एक प्रचंड शिळा निखळून पडली आणि ते भोक जवळजवळ दुप्पट झाले. ‘बॅलन्स्ड रॉक’ म्हणून जो सुळका आहे, ज्याच्या मानेवर सुमारे साडेतीन हजार टनांची शिळा तोललेली आहे, त्याच्याशेजारी तसाच एक लहान भाऊ होता; तो १९७५-७६ च्या हिवाळ्यात पडला. १ सप्टेंबर १९९१ रोजी लँडस्केप आर्चच्या पोटातून सुमारे ६० फूट लांबीचा एक पट्टा सुटून खाली आला. तेव्हापासून त्याच्याखालून जाणारी वाट बंद केलेली आहे, आणि आता ते नेढे सर्वांत बारीक जागी जेमतेम दोन मीटर जाड उरले आहे. पन्नाशीच्या दशकात डेलिकेट आर्चला पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप देऊन त्याची झीज थांबवावी अशीही मसलत झाली होती. सुदैवाने ती बासनात गेली. अलीकडे युटा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ नेढ्यांवर भूकंपमापकासारखी संवेदनशील यंत्रे ठेवून त्यांची कंपने नोंदवतात. वाऱ्याने, उन्हाने, दूरच्या हादऱ्यांनी प्रत्येक नेढे अखंड सूक्ष्म थरथरत असते, आणि खडकात नवी चीर गेली तर त्या थरथरीचा सूर बदलतो.

या सर्वांमुळे, येथे काढलेले प्रत्येक चित्र हा दस्तऐवज आहे असे समजून काढावे, असे मला वाटते: तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि भिंगाचे माप यांच्या नोंदीसह. स्कायलाइन आर्चची १९४० पूर्वीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवली असता जे कळते ते कोणत्याही वर्णनाने कळणार नाही.

डेलिकेट आर्चच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी आणि मुलगी डेव्हिल्स गार्डनच्या वाटेवर होतो. पिशवीत छत्तिसाव्या चित्राची मोठी प्रत होती. वॉल आर्चच्या जागी आता दोन बुंधे उरले होते आणि त्यांच्यामध्ये शिळांचा ढीग; ताज्या फुटीचे पृष्ठभाग अजून लालभडक होते, त्यांवर काळा लेप चढला नव्हता. मुलगी प्रत हातात धरून उभी राहिली आणि मी कॅमेऱ्यातून पाहत तिला विचारीत गेलो. मागच्या भिंतीवरची आडवी चीर, तिच्या टोकाला असलेली खाच, खाचेखालचे वाळलेले झाड, एवढ्या तीन खुणा अजून जागच्या जागी होत्या. “अजून थोडं उजवीकडे, बाबा,” ती म्हणाली, “आणि खाली बसा, तेव्हा तुम्ही बसत होता.” मी कातळावर बसलो, ट्रायपॉडचे पाय आखडून घेतले, दोन्ही बुंधे जमिनीपर्यंत चौकटीत आले आहेत हे पाहिले, आणि तिरपे ऊन ढिगाच्या उजव्या कडेवर येईपर्यंत आम्ही तसेच थांबलो.